खुल्या व्यापाराचा पुरस्कार आणि देशी श्रमिक : थळ येथील दोन उद्योगांच्या आधारे विवेचन

एखादा राजकीय पुढारी खुल्या व्यापाराचा पुरस्कार करतो, तेव्हा देशातील श्रमिकाचे त्यात हित होते की अहित, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या वर्गात व निवडणुकीच्या सभेत सारख्याच हिरिरीने विचारला जातो. उत्तरे मात्र बहुधा ठोक स्वरूपाची मिळतात. एक पक्ष म्हणतो की, परदेशी माल मोकळेपणाने आत आला म्हणजे देशातील कारखाने बसतात व कामगार रस्त्यावर येतो. दुसरा पक्ष म्हणतो की, व्यापार वाढला म्हणजे उत्पन्न वाढते, आणि वाढलेल्या उत्पन्नाचा वाटा कालांतराने कामगारालाही मिळतो. या दोहोंपैकी एका बाजूचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे, एवढे दाखवावयाचे आहे. पुढारी पुरस्कार करतो तो तत्त्वाचा. परंतु अंमल होतो तो वस्तुवार. त्याचप्रमाणे श्रमिकही केवळ श्रमिक म्हणून कोठे आढळत नाही. तो विशिष्ट यंत्राशी, विशिष्ट जाळ्याशी, विशिष्ट बाजाराशी बांधलेला असतो. म्हणून कोणत्या वस्तूचे दार उघडले, कोणत्या वस्तूचे बंद ठेवले, आणि त्या दाराशी कोण उभा होता, हे पाहिल्यावाचून हिताहिताचा निर्णय करता येत नाही.

हे स्पष्ट करण्यासाठी रायगड जिल्ह्यातील थळ हे गाव फार सोयीचे आहे. अलिबागच्या उत्तरेस काही किलोमीटर अंतरावर असलेल्या या गावी दोन अगदी निराळे उद्योग शेजारी शेजारी चालतात. एक, कोळ्यांची पिढीजात मासेमारी. दुसरा, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सरकारी कंपनीचा युरियाचा प्रचंड कारखाना. १९९१ नंतरच्या व्यापारविषयक धोरणाने या दोन उद्योगांना दोन भिन्न वागणुकी दिल्या. गाव एक, राज्यकर्ते तेच, तत्त्वही तेच. परंतु श्रमिकांच्या वाट्यास आलेले परिणाम वेगळे. हा फरक कशामुळे पडला, याचा विचार पुढे केला आहे.

सिद्धान्ताची पार्श्वभूमी

खुल्या व्यापाराच्या राजकारणातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. १८४६ मध्ये पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांनी धान्यावरील आयात कर रद्द करण्याचा कायदा संमत करून घेतला. त्यामुळे त्यांचा स्वतःचा पक्ष दुभंगला. परंतु मँचेस्टरच्या गिरणी कामगाराला पाव स्वस्त मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. येथे खुला व्यापार व श्रमिकाचे हित एका बाजूस होते, व जमीनदाराचा खंड दुसऱ्या बाजूस होता. पुढे हेच तत्त्व हिंदुस्थानात लागू करण्यात आले. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी आपल्या कार्यकारी मंडळातील बहुमत डावलून जाड्याभरड्या सुती कापडावरील जकात काढली, आणि १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत आयात जकाती जवळजवळ सर्वच उठविण्यात आल्या. येथे मात्र ज्या कामगाराचे हित साधले गेले तो लँकेशायरचा होता, आणि ज्याला स्पर्धेस तोंड द्यावे लागले तो विणकर व गिरणी कामगार या देशातला होता. तत्त्व तेच राहिले. ‘देशी श्रमिक’ या शब्दाचा अर्थ मात्र बदलला.

मुंबईतील विचारवंतांनी हा भेद वेळीच ओळखला होता. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७७ मध्ये हिंदी दृष्टिकोनातून खुला व्यापार व संरक्षण यांवर व्याख्यान दिले व ते प्रसिद्धही झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्राविषयी जे विवेचन केले, त्याचा रोख असा की, अर्थशास्त्राचे नियम देशकालपरिस्थितीपासून तोडून वापरता येत नाहीत. खुल्या व्यापाराचा सिद्धान्त चुकीचा आहे असे त्यांस म्हणावयाचे नव्हते. तो कोणत्या गृहीतांवर उभा आहे हे पाहा, असे त्यांचे सांगणे होते.

विसाव्या शतकातील अर्थशास्त्राने या सूचनेस अधिक काटेकोर रूप दिले. १९४१ मध्ये स्टोल्पर व सॅम्युएल्सन यांनी असे दाखविले की, वस्तूंच्या सापेक्ष किमती बदलल्या म्हणजे उत्पादन-घटकांच्या मोबदल्यांत विषम बदल होतो. ज्या घटकाचा वापर एखाद्या वस्तूत अधिक प्रमाणात होतो, त्या वस्तूची किंमत वाढली तर त्या घटकाचा वास्तव मोबदला वाढतो व दुसऱ्याचा घटतो. यावरून असे अनुमान काढले गेले की, ज्या देशात श्रम विपुल आहे तेथे खुल्या व्यापाराने श्रमिकाचा लाभ व्हावा. परंतु या सिद्धान्ताचे एक महत्त्वाचे गृहीत असे की, श्रमिक एका उद्योगातून दुसऱ्या उद्योगात विनासायास जाऊ शकतो. १९७१ नंतर ज्यास ‘विशिष्ट घटकांचे प्रतिमान’ म्हणून ओळखले जाऊ लागले, त्यात हे गृहीत सैल करण्यात आले. जो घटक एकाच उद्योगात उपयोगी पडतो, त्याचे भवितव्य त्या उद्योगाच्या किमतीबरोबर वर-खाली होते. डोलीचे जाळे लावण्यात निष्णात असलेला तांडेल युरियाच्या कारखान्यात ते कौशल्य वापरू शकत नाही, आणि अमोनिया संयंत्र चालविणारा तंत्रज्ञ होडीवर निरुपयोगी ठरतो. थळच्या उदाहरणात आपणांस हेच दुसरे प्रतिमान अधिक उपयोगी पडेल.

भारतातील वळण

स्वातंत्र्यानंतर भारताने खुल्या व्यापाराचे जागतिक करार नाकारले नाहीत. तथापि घरात संरक्षणाचे धोरण ठेवले. या दुहेरी भूमिकेचा संबंध थळच्या मुलखाशीही पोहोचतो. महाडजवळील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेस गेलेल्या हिंदी शिष्टमंडळाचे सदस्य होते. १९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ मध्ये राजीनामा देईपर्यंत देशाचे अर्थमंत्री होते. जागतिक विनिमयाच्या व्यवस्थेच्या उभारणीस साक्षी असलेला हाच अर्थशास्त्रज्ञ नियोजनाच्या व आयात-नियंत्रणाच्या काळात तिजोरीचा कारभार पाहत होता. यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. राज्यकर्त्याचे तत्त्व व त्याचे आयात-वेळापत्रक या दोन गोष्टी नेहमीच वेगळ्या असतात.

हे १९९१ च्या बाबतीतही खरे आहे. त्या वर्षी अर्थमंत्री झालेले डॉ. मनमोहन सिंग यांनी भारताच्या निर्यातीवर केलेले संशोधन १९६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले होते, व निर्यातीविषयीची निराशा अवाजवी आहे असा त्याचा कल होता. त्यामुळे व्यापार खुला करण्याची त्यांची भूमिका केवळ परकीय चलनाच्या टंचाईतून निपजली असे म्हणता येत नाही. जुलै १९९१ च्या आरंभी रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. आयात जकातीची कमाल मर्यादा त्या वर्षी १५० टक्क्यांवर, १९९३ मध्ये ८५ टक्क्यांवर व १९९५ मध्ये ५० टक्क्यांवर आणण्यात आली. हा बदल मोठा होता यात शंका नाही. परंतु थळच्या कारखान्याच्या दाराशी येताच तो थबकला, आणि थळच्या समुद्रावर मात्र तो वेगळ्याच रूपाने पुढे गेला.

कारखान्याचे दार

थळ-वायशेत येथील प्रकल्प मुंबई हायच्या समुद्रातून मिळणाऱ्या नैसर्गिक वायूवर आधारलेला आहे. १९७८ मध्ये जुन्या खत महामंडळाची पुनर्रचना होऊन राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही कंपनी अस्तित्वात आली, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास थळ येथे उत्पादनास आरंभ झाला. दररोज प्रत्येकी १,३५० टन अमोनियाची दोन व प्रत्येकी १,५०० टन युरियाची तीन संयंत्रे अशी मूळ रचना होती. उरणहून वायुवाहिनी आली, पेणहून मालवाहतुकीचा लोहमार्ग आला, कुरूळ येथे कामगारांची वसाहत उभी राहिली. ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या त्यांच्या नोकऱ्यांचा प्रश्न मात्र पुढे दीर्घकाळ धुमसत राहिला.

खतांच्या क्षेत्रात खुल्या व्यापाराचे वारे कसे शिरले हे पाहण्यासारखे आहे. २४ जुलै १९९१ च्या अंदाजपत्रकात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढविण्याचा प्रस्ताव होता. लोकसभेतील विरोधामुळे ती वाढ ३० टक्क्यांवर आणून लहान व अल्पभूधारक शेतकऱ्यांस सूट देण्यात आली. पुढील वर्षी, २५ ऑगस्ट १९९२ रोजी, स्फुरद व पालाशयुक्त खतांवरील किंमत-नियंत्रण उठविण्यात आले, व डायअमोनियम फॉस्फेटची आयातही सरकारी मक्तेदारीतून मुक्त झाली. युरिया मात्र या सर्वांतून वगळण्यात आला. उलट, त्याची किंमत १० टक्क्यांनी उतरविण्यात आली. एकाच मंत्रिमंडळाने एकाच महिन्यात एका खताचे दार उघडले व दुसऱ्याचे अधिक घट्ट लावले.

या विभागणीचे परिणाम तत्काळ दिसले. डायअमोनियम फॉस्फेट बनविणाऱ्या देशी कारखान्यांस स्वस्त आयातीशी सामना करावा लागला. म्हणून सरकारला देशी मालावर टनामागे १,००० रुपयांची तात्पुरती सवलत द्यावी लागली. शेतात युरिया स्वस्त व इतर खते महाग, अशी स्थिती झाल्यामुळे नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, ते एका वर्षात ९.५ : ३.२ : १ झाले. जमिनीच्या पोताची किंमत देऊन युरिया उद्योगाचे संरक्षण झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

थळच्या कामगाराच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला? त्याच्या उत्पादनाची विक्री-किंमत जागतिक बाजाराने ठरत नव्हती. नोव्हेंबर १९७७ पासून प्रत्येक कारखान्यास त्याचा मान्य खर्च व गुंतवणुकीवर ठराविक परतावा मिळेल अशी धारण-किंमत योजना लागू होती. शेतकऱ्याने द्यावयाची किंमत व ही धारण-किंमत यांतील अंतर केंद्र सरकार अनुदानाने भरून काढी. युरियाची आयातही सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फतच होत असे. परिणामी लंडनच्या वा आखाताच्या बाजारात युरिया उतरला म्हणून थळच्या कामगाराचे वेतन उतरले नाही, आणि तो चढला म्हणून वाढलेही नाही.

या संरक्षणाची व्याप्ती आकड्यांनी लक्षात येईल. नोव्हेंबर २०१२ पासून शेतकऱ्यासाठी युरियाची किंमत टनास ५,३६० रुपये, म्हणजे ४५ किलोच्या पोत्यास सुमारे २४२ रुपये, अशी ठेवण्यात आली. २०२१ च्या अखेरीस जागतिक बाजारात युरिया टनास ९०० डॉलरच्या वर गेला. डॉलरचा भाव ७५ रुपये धरला तर ही किंमत ६७,५०० रुपये होते, म्हणजे शेतकऱ्याने दिलेली रक्कम तिच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी. उरलेला भार करदात्याने उचलला. थळच्या वेतनाची स्थिरता ही बाजाराची देणगी नाही. ती अंदाजपत्रकातील एका तरतुदीवर उभी आहे.

तथापि दार बंद असले तरी फटीतून वारा येतोच. एप्रिल २००३ मध्ये कारखानावार धारण-किमतीऐवजी गटवार किमतीची पद्धत आली. त्यामुळे प्रत्येक कारखान्यास ऊर्जेच्या वापराची तुलना गटातील इतरांशी करणे भाग पडले. २००८ नंतर ठराविक मर्यादेपलीकडील उत्पादनाचा मोबदला आयातीच्या किमतीशी जोडला गेला. मुंबई हायचा वायू पुरेनासा झाला, तेव्हा द्रवरूप वायू परदेशातून आणावा लागला. अशा रीतीने युरियाचे दार बंद राहिले, परंतु युरिया ज्यापासून होतो त्या वायूचे दार उघडे झाले. आज हीच कंपनी सरकारच्या वतीने परदेशी युरियाच्या खरेदीसाठी निविदाही काढते. देशात २०२०-२१ मध्ये सुमारे ९८ लाख टन व २०२३-२४ मध्ये सुमारे ७० लाख टन युरिया आयात झाला. संरक्षित कारखाना व आयात करणारी संस्था ही एकाच घराची दोन दालने झाली आहेत.

संरक्षण म्हणजे हमी नव्हे

येथपर्यंतचे विवेचन वाचून असा ग्रह होण्याचा संभव आहे की, संरक्षण मिळाले म्हणजे कामगार वाचतो. तो ग्रह दूर करणे आवश्यक आहे. युरियाला जे संरक्षण थळमध्ये होते तेच सिंद्री, गोरखपूर, तालचेर, रामगुंडम, दुर्गापूर व बरौनी येथेही होते. परंतु तेथील कारखाने कोळसा, नाफ्था किंवा इंधन तेल यांवर चालत. काहींची यंत्रे जुनी होती, काही सुरुवातीपासूनच धड चालली नाहीत. १९९२ मध्ये त्यांच्या मालक असलेल्या दोन सरकारी कंपन्या आजारी म्हणून घोषित झाल्या, आणि २००२ मध्ये हे कारखाने बंद करण्याचा निर्णय झाला. हजारो कामगारांना स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग घ्यावा लागला. त्यांचे काम परदेशी युरियाने हिरावून घेतले असे सरळ म्हणता येत नाही, कारण आयात तर सरकारच्याच हाती होती. त्यांचे काम गेले ते उत्पादनखर्चामुळे, आणि तो खर्च भरून देण्याची राज्यकर्त्यांची तयारी संपल्यामुळे.

याच सुमारास ओमानमधील सूर येथे भारतीय सहकारी संस्थांच्या भागीदारीत युरियाचा कारखाना उभा राहिला, आणि २००५ नंतर तेथून दरवर्षी १६ लाख टनांहून अधिक युरिया दीर्घ मुदतीच्या कराराने भारतात येऊ लागला. वायू जेथे स्वस्त तेथे युरिया करावा, हा तुलनात्मक लाभाचा शुद्ध नमुना होय. पुढे गोरखपूर, रामगुंडम, सिंद्री व बरौनी येथे नवे कारखाने उभारले गेले, व २०२१-२२ च्या सुमारास ते सुरू झाले. परंतु ज्यांनी २००२ मध्ये घर गाठले, ते कामगार त्या नव्या कारखान्यांत परत येण्याच्या वयाचे राहिले नव्हते. उद्योग पुन्हा उभा करता येतो. श्रमिकाची वीस वर्षे परत देता येत नाहीत. व्यापारधोरणाच्या जमाखर्चात ही नोंद सहसा होत नाही.

समुद्राचे दार

आता गावाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. खांदेरी व उंदेरी या दोन जलदुर्गांसमोरच्या या किनाऱ्यावर मासेमारी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. बोंबील, जवळा, कोळंबी, मांदेली, पापलेट ही येथील नेहमीची मासळी. होडीचा मालक, तांडेल व खलाशी समुद्रावर जातात. किनाऱ्यावर आलेली मासळी निवडणे, वाळविणे व विकणे हे काम मुख्यत्वे कोळणी करतात. या उद्योगास धारण-किंमत नाही. माशाचा भाव लिलावात ठरतो, आणि मोसमाचे नुकसान नाखव्याच्या व खलाशाच्या घरात पडते. राज्य सरकार देते तो आधार मुख्यतः उत्पादनखर्चाच्या बाजूस, म्हणजे सहकारी संस्थांमार्फत मिळणाऱ्या डिझेलवरील कराच्या परताव्याच्या रूपाने.

१९९१ च्या धोरणाने या किनाऱ्यावर दोन निराळ्या वाटांनी परिणाम केला. पहिली वाट किमतीची. रुपयाचे अवमूल्यन झाले म्हणजे डॉलरमध्ये विकल्या जाणाऱ्या मालाची रुपयांतील किंमत वाढते. मोठी कोळंबी व पापलेट यांसारख्या निर्यातयोग्य मासळीस त्यामुळे किनाऱ्यावरच चांगला भाव येऊ लागला. विशिष्ट घटकांच्या प्रतिमानानुसार येथे मच्छीमाराचा लाभ व्हावयास हवा, आणि ज्याची होडी होती त्याचा तो काही अंशी झालाही. परंतु उद्योगाच्या आत सर्वजण सारखे नव्हते. निर्यातीची मासळी व्यापाऱ्याच्या हस्तकाकडून बर्फात भरून थेट तळोजासारख्या ठिकाणच्या प्रक्रिया कारखान्यांकडे जाते. जी मासळी पूर्वी कोळणीच्या पाटीतून गावोगावच्या बाजारात जाई, तिच्यासाठी तिला आता वाढीव भावाने लिलावात उतरावे लागते. भांडवल थोडे, उधारी महाग. म्हणून चांगली मासळी तिच्या हातून सुटते व हलकी उरते. एकाच घरात नवऱ्याचा लाभ व बायकोची हानी, असा हा प्रकार आहे. ‘मच्छीमाराचे उत्पन्न वाढले’ या एका वाक्यात तो लपून राहतो.

दुसरी वाट साधनसंपत्तीची. १९९१ मध्येच केंद्र सरकारने खोल समुद्रातील मासेमारीचे नवे धोरण जाहीर केले. त्यानुसार परदेशी कंपन्यांशी भागीदारी करून वा भाडेपट्ट्याने जहाजे आणून भारताच्या २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारी करण्यास परवाने देण्यात आले. येथे एक सैद्धान्तिक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मासळीची आयात खुली करणे हा वस्तूंचा व्यापार होय. परदेशी जहाजास आपल्या समुद्रात मासे पकडू देणे हा साधनसंपत्तीचा परवाना होय. पहिल्यात देशी श्रमिकास स्पर्धक मिळतो, दुसऱ्यात त्याच्या हातचे उत्पादन-साधनच विभागले जाते. राजकीय भाषणांत या दोन्ही गोष्टी ‘खुलीकरण’ या एकाच शब्दाखाली येतात. परंतु डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये सांगितलेला तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त पहिल्यास लागू पडतो, दुसऱ्यास नाही. मासा चालता असतो. जो खोल समुद्रात पकडला गेला तो किनाऱ्यावर येत नाही.

मच्छीमारांनी हा भेद ग्रंथांवाचून ओळखला. थॉमस कोचेरी यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय मच्छीमार संघटनेने १९९४ मध्ये देशभर बंद पुकारले, व महाराष्ट्रासह किनारी राज्यांतील मच्छीमारांनी त्यांत भाग घेतला. १९९५ मध्ये कोचेरी यांनी पोरबंदर येथे उपोषण केले. सरकारने नेमलेल्या मुरारी समितीने फेब्रुवारी १९९६ मध्ये २१ शिफारशी केल्या. नवे परवाने देऊ नयेत व दिलेले रद्द करावेत, हा त्यांचा गाभा होता. १९९७ मध्ये सरकारने हे धोरण मागे घेतले. स्वतःची किंमत ठरविण्याचे सामर्थ्य नसलेल्या या श्रमिकांनी संघटनेच्या बळावर एक दार बंद करून घेतले.

त्याच काळात निर्यातीच्या दाराचा दुसरा अनुभवही आला. ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपीय संघाने आरोग्यविषयक कारणांवरून भारतीय मासळीची आयात काही महिने बंद केली. अमेरिकेने, कासवे सुटण्याची सोय नसलेल्या जाळ्यांनी पकडलेली कोळंबी घेण्याचे नाकारले. तेव्हा भारताने मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांच्यासह जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, व तिचा निकाल १९९८ मध्ये लागला. खोल समुद्राच्या धोरणात ज्या सरकारला मच्छीमारांनी खुल्या व्यापाराविरुद्ध थोपविले, तेच सरकार जिनीव्हात मच्छीमारांच्या मालासाठी खुल्या व्यापाराची मागणी करीत होते. मच्छीमाराला दोन्ही गोष्टी हव्या होत्या, आणि त्यात त्याची चूक नव्हती.

मंत्र्याची दोन भाषणे

या दुहेरी भूमिकेचे अलीकडचे उदाहरण वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांच्या कारकिर्दीत सापडते. त्यांच्या काळात संयुक्त अरब अमिरातींशी २०२२ मध्ये व ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी व्यापार-करार झाले. ब्रिटनशी झालेल्या करारात भारतीय समुद्री पदार्थांवरील जकात उठविण्याची तरतूद आहे. परंतु जून २०२२ मध्ये जिनीव्हा येथे मासेमारीवरील अनुदानांविषयी जागतिक करार होत असता त्यांनीच विकसनशील देशांच्या लहान मच्छीमारांसाठी २५ वर्षांच्या सवलतीची मागणी केली. तो करार बेकायदा मासेमारी व अतिशोषित साठे यांपुरता झाला, व १५ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला. जहाजांची अतिरिक्त क्षमता वाढविणाऱ्या अनुदानांचा, म्हणजे ज्यात डिझेलच्या परताव्याचाही विचार येऊ शकतो असा प्रश्न, तेव्हा अनिर्णित राहिला.

ही भूमिका ढोंगी आहे असे म्हणणे सोपे आहे. पण ते बरोबर होणार नाही. पील, लिटन, मनमोहन सिंग वा गोयल, कोणीही तत्त्व अखंड लागू केले नाही. राज्यकर्त्याची परीक्षा तत्त्वाच्या शुद्धतेवरून करावयाची नसते. कोणासाठी अपवाद केला व त्याचा भार कोणावर टाकला, यावरून ती करावयाची असते. युरियाच्या अपवादाचा भार करदात्यावर व जमिनीच्या पोतावर पडला. मासेमारीच्या अपवादाचा भार, जर त्याच्या आड होड्यांची संख्या व यंत्रांची शक्ती अमर्याद वाढली तर, उद्याच्या मच्छीमारावर पडेल. १ जून ते ३१ जुलै या पावसाळी बंदीच्या काळात समुद्राला मिळणारी विश्रांती ही त्या भाराची अंशतः परतफेड होय. पण ती पुरेशी आहे असे कोणी समजू नये.

उपसंहार

वरील विवेचनावरून अभ्यासकास उपयोगी पडतील असे तीन प्रश्न निघतात. कोणताही पुढारी खुल्या व्यापाराचा पुरस्कार करू लागला म्हणजे प्रथम विचारावे : दार कोणत्या वस्तूचे वा साधनाचे उघडते आहे? वस्तू, कच्चा माल व नैसर्गिक साधन यांचे परिणाम भिन्न असतात. दुसरे : जागतिक किमतीतील चढउतार श्रमिकापर्यंत थेट येतो की मध्ये एखादी संस्था तो झेलते, आणि ती झेलण्यासाठी पैसा कोण देतो? थळच्या कारखान्यात तो धक्का अंदाजपत्रकाने झेलला. थळच्या किनाऱ्यावर तो कोळणीच्या पाटीने झेलला. तिसरे : ज्याचे काम बदलते त्यास दुसरे काम मिळण्याजोगे वय, कौशल्य व भांडवल आहे काय, आणि नसेल तर त्याच्यामागे संघटना आहे काय? सिंद्रीचा कामगार व मच्छीमार संघटनेचा खलाशी यांच्या अनुभवांतील अंतर याच प्रश्नात आहे.

या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून ‘खुला व्यापार श्रमिकास हितकारक’ किंवा ‘घातक’ असे विधान करणे, हे रानडे यांनी ज्या चुकीविरुद्ध इशारा दिला तीच चूक पुन्हा करणे होय. थळमध्ये एका बाजूस वायुवाहिनी येते व दुसऱ्या बाजूस होड्या लागतात. या दोहोंमधील अंतर पायी चालून जाण्याइतके आहे. व्यापाराच्या धोरणाने मात्र तेथील दोन श्रमिकांना एकमेकांपासून फार दूर नेऊन ठेवले आहे. त्यांपैकी कोणाला आधार मिळावा, किती मिळावा व कोणाच्या खर्चाने मिळावा, हा निर्णय कोणताही सिद्धान्त आपल्यासाठी करून देत नाही. तो राजकीय निर्णय आहे, आणि म्हणूनच त्याचा हिशेब उघडपणे मांडला गेला पाहिजे.